खिडकी क्रमांक तीन

म्हापशाच्या पतसंस्थेत चार खिडक्या,
चारही पडद्यांवर माझंच काम.
पहिल्या दिवशी म्हणालो, "हवं तसं मांडा,"
आणि लग्नातल्या आहेरासारख्या सोयी वाटत सुटलो:
रंग सत्तावीस, अक्षरं बारा मापांची,
बटणं उचला, सरकवा, लपवा,
कोंकणी देवनागरीतली, कोंकणी रोमीतली, मराठी,
शिवाय इंग्रजी,
ज्यांना चुकायचंही इंग्रजीतच असतं त्यांच्यासाठी.

लिगोरिनबाईंनी तीन दिवसांत
तिसऱ्या खिडकीत बिऱ्हाड मांडलं.
मागे पिवळा, लिंबाच्या सालीचा,
अक्षरं खोबऱ्याच्या कातळीएवढी,
आणि 'जमा' उजवीकडून उचलून डावीकडे,
'रद्द'च्या जागी. 'रद्द' उजवीकडे.
बाई डावखुऱ्या.
शाळेत सिस्टरनं पट्टी मारमारून बदललेला हात
बावीस वर्षं नोटा मोजता मोजता
गुपचूप आपल्या जागी परतला होता.
ते पाहून मला बरं वाटलं.
खोटं कशाला बोलू, गर्व वाटला.

मे महिन्यात त्या कुंकळ्ळीला गेल्या, भाचीच्या लग्नाला.
खुर्चीवर आली सुलक्षा मांद्रेकर,
एक नंबरवरची. हात तयार, नजर गिऱ्हाइकावर.
बोटांना पाठ होतं: उजवीकडे जमा.

शुक्रवार. बाजाराचा दिवस.
रांग पायऱ्या उतरून चपलांच्या दुकानापर्यंत.
अकरा जणांनी पैसे दिले,
अकरा नोंदी लिहिल्या गेल्या आणि पुसल्या गेल्या.
पडद्यानं विचारायला हवं होतं, "नक्की?"
पण तो प्रश्न बाईंनी कधीचाच बंद करून ठेवलेला.
ती सोयही माझीच.

संध्याकाळी रोजकीर्द जुळेना.
हरमलची शेवंतीण, मिरच्यांनी लाल झालेल्या बोटांत
पासबुक धरून उभी:
"म्हजे चारशें खंय गेले?"
काय सांगणार होतो?
की आजी, ते माझ्या दिलदारपणात पडले,
शोधतोय?

मॅनेजर म्हणाले, "सगळं एकसारखं करा. उद्याच्या उद्या."
एका टिचकीचं काम होतं.
रात्री पायरीवर बसून बोट त्या टिचकीवर नेलं
आणि मला ती पट्टी दिसली,
या वेळी माझ्या हातात.

पुढच्या शुक्रवारी रजा टाकून बाजारात गेलो.
शेवंतिणीच्या मिरच्या गोल रचलेल्या, देठ आत.
शेजारणीचा नुसता ढीग, त्यावर एक लिंबू.
पलीकडचा केळी टांगतो, त्याच्या पलीकडचा झोपवतो.
ज्याची त्याची पथारी, ज्याची त्याची भूमिती.
पण वजनं?
तिनं एक उलटं करून दाखवलं, न विचारता:
बुडाला सरकारी शिक्का, झिजलेला.
किलो कुणी आपल्यापुरता सरकवत नाही.

तर मग असं केलं.
'रद्द' सगळीकडे एकाच कोपऱ्यात, खाली, एकटं,
कुणालाच हलवता येणार नाही असं.
"नक्की?" बंद होणार नाही.
बाकीची मांडणी खुर्चीची सोडवून
माणसाला बांधली:
सुलक्षा बसली की सुलक्षाची, बाई बसल्या की बाईंची.
पिवळा राहिला. कातळ्या राहिल्या.
'जमा' डावीकडेच राहिलं.
सत्तावीस रंगांतले एकोणीस काढून टाकले,
ते कुणी विचारलेही नाहीत.

लिगोरिनबाई परतल्या, सोबत दोदोलाचा डबा.
बसल्या, दोन नोंदी केल्या, थांबल्या.
"हो आतां विचारता," म्हणाल्या, "बावीस वर्सां कोणें विचारूंक ना."
तक्रार होती की दुसरं काही,
मला अजून कळलेलं नाही.

मग पर्स उघडून
पडद्याच्या चौकटीवर, वरच्या कोपऱ्यात,
सायबिणीचं एक छोटं चित्र चिकटवलं,
अंगठ्यानं दाबून, नीट.

माझ्या यादीत ही सोय नव्हती.