गाठ कुणाकडे

आम्ही चार वर्षांच्या. दोघींच्या आया
ओहोटीच्या वाळूत वाकून तिसऱ्या उकरायच्या.
पाणी परतताना पोरींकडे कोण बघणार, म्हणून
एरुंदिनाच्या आईने एकच दोरी घेतली
आणि आमच्या दोघींच्या कमरांना बांधली.
एकटी पोर वाहून जाते, म्हणाली, दोघी एकदम कशा जातील?
गालिसियाच्या त्या खाडीत आमची मैत्री
ही अशी सुरू झाली. विचारलं कुणी नव्हतं.

दोरी जुन्या जाळ्याची, डांबराचा वास मारायची.
तिला शू लागली की मला उठावं लागायचं.
मी खेकड्यामागे धावले की ती तोंडावर पडायची
आणि भोकाड मात्र मी पसरायची.

दोरीच्या एका टोकाला नुसता फासा,
दुसऱ्याला खरी गाठ, पोरांच्या बोटांना न सुटणारी.
गाठ वांड पोरीकडे, हे उघड आहे.
एरुंदिना म्हणते, तुझ्याकडे होती.
मी म्हणते, तुझ्याकडे.
त्र्याहत्तर वर्षं झाली.
आया गेल्या, दोरी कुजली, साक्षीला कुणी नाही.

विसाव्या वर्षी ती स्वित्झर्लंडला गेली,
हॉटेलातल्या चादरी धुवायला.
तिला लिहिता येत नव्हतं, मला वाचता येत नव्हतं.
अक्षरं ओळखणारे पाद्रीबाबा होते गावात,
पण आम्हा दोघींच्या मधे पाद्री कशाला?
ती पाकिटात साबणाचं वेष्टन पाठवायची,
मी चिमूटभर वाळू.
पत्ता तिथे कुणी पोर्तुगीज बाई लिहायची, इथे पोस्टमन.
हिरवं वेष्टन, गुलाबी, एकदा सोनेरी कडांचं.
मी हुंगायची आणि मला कळायचं
ती जेवली की नाही.

नवव्या वर्षी एक पाकीट आलं, आत काहीच नाही.
उलटं करून झटकलं. दिव्यापुढे धरलं.
सकाळी डुकरीण विकली आणि तिकिटाचे पैसे धाडले.
पंधरा दिवसांत ती दारात उभी, हात कोपरापर्यंत सोललेले,
पगार मालकिणीने दाबलेला.
काय झालं, मी विचारलं नाही.
तिने विचारलं, डुकरीण केवढ्याला गेली?
आणि म्हणाली, ठकवलं तुला.

मग नवरे, मुलं, एक बुडालेली होडी
(तिच्या घरची, पण चूल माझीही पेटली नाही),
मग परवाने आले, मोजपट्ट्या आल्या,
पट्टीत न भरणारी तिसरी परत पाण्यात.
तिचे गुडघे गेले तेव्हा ती धक्क्यावर बसून माझ्या बादलीतल्या मोजायची,
आणि जरा लहान निघाली की
निरीक्षक बाईशी हवेवर बोलायची, ती खिशात घालेपर्यंत.

या हिवाळ्यात तिची छाती भरली.
इस्पितळात नळ्या, पांढरी चादर.
चादरीची शिवण बोटांनी चाचपत म्हणाली,
धुतलीय बरी, पण घाईत.
मग डोळे मिटून, अगदी हळू:
जाऊ दे दोसिंदा, गाठ माझ्याकडेच होती.

माझ्या पायांतलं बळ गेलं.
असं ती कधीच काही सोडत नाही.
मी म्हणाले, खोटं. माझ्याकडे होती.
बेंबीपाशी वळ उठला होता, आईने लोणी लावलं होतं,
आठवतंय मला.
बराच वेळ नळीतला आवाज तेवढा.
मग तिने एक डोळा उघडला.
तुझ्याकडे? तुला कशाला बांधतील, मेंगळट कार्टी तू,
बसवलं तिथे बसायचीस!
मी म्हणाले, मेंगळट कोण?
ती उशीवरून अर्धी उठली.
शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने घंटा दाबली,
नर्स आली, भेटीची वेळ संपली म्हणाली,
आणि माझ्या पाठीमागे दारापर्यंत ऐकू येत होतं:
माझ्याकडे होती, माझ्याकडे.

उद्या ओहोटी सव्वासहाला.
बादली भरली की दुपारच्या बसने जाईन.
रात्री पडल्या पडल्या मला एक नवा पुरावा सापडलाय.