ताशी अठरा घमेली

कुमासीत हरमॅटनची धूळ
झडपांमधून वर्गात येते, वहीवर बसते.
आजचा धडा: मनुष्यबळ व उत्पादकता.
अग्येकुम सर फळ्यावर लिहितात,
अकुशल कामगार, एक. ताशी अठरा घमेली.
स्लॅब किती दिवसांत पुरा होईल?

सोपं आहे. नुसता भागाकार.

पण तो 'एक' माझ्या ओळखीचा.
डोक्यावर चुंबळ, पायाखाली हलती फळी,
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकून
पोटातल्या मला म्हणायची,
जरा दम धर गं.

मी उत्तरात अर्धा दिवस वाढवला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
तिला तहान लागते.

सरांनी दोन गुण कापले.
मग लाल पेन तसंच उघडं धरून
हळू विचारलं,
सेरवा, कुठल्या साइटवर होती ती?