गाळा क्रमांक एकशे अठरा

नवीन भाडेकरू आला की मी एवढंच सांगते:
खोकी भिंतीला टेकवू नका, हातभर जागा सोडा,
एप्रिलमध्ये बर्फ सुटायला लागला की पत्र्यालाही घाम फुटतो.
खाली लाकडी फळ्या घाला.
फ्रिजचं दार सताड उघडं ठेवा, नाहीतर आतला अंधार आंबतो.
गादीला प्लास्टिक नको, जुनी चादर पुरे.
आणि खाण्याचं काही नको, मूठभर तांदूळही नको;
थंडर बेच्या हिवाळ्यात उंदराला
तेवढं आवतण पुष्कळ होतं.

कुलूप गोल घ्या, पोलादी.
लांब कडीचं दोन मिनिटांत तुटतं.
मला माहीत आहे, तोडणारी मीच असते.

लोक माना डोलावतात
आणि ओला तंबू तसाच गुंडाळून कोंबतात,
लग्नाचा अल्बम टायरांखाली.
पहिल्या उन्हाळ्यात ते यायच्या आत
बुरशी येऊन बसलेली असते, घरच्यासारखी.

इर्या लेह्तोनेननं मात्र सगळं लिहून घेतलं,
विजेच्या बिलाच्या पाठीवर, बारीक अक्षरात,
वर मलाच विचारलं, "आणि पितळेला काय लावायचं?"
मला ठाऊक नव्हतं.

दर दुसऱ्या गुरुवारी ती बसनं यायची.
पिशवीत व्हिनेगरची बाटली,
तौनोच्या बनियनची फडकी,
थर्मासात कॉफी. कप दोन.
शटर कमरेपर्यंत सरकवून वाकून आत शिरायची
आणि उणे अठ्ठावीसमध्ये हातमोजे काढून
अकॉर्डियनची एकेक पट्टी पुसायची.
वाजवायची नाही.
मग स्की, सौनातली बादली,
ब्लूबेरी खुडायचे दातेरी डबे,
शेवटी तौनोच्या टगबोटीची घंटा,
तिची जीभ फडक्यात घट्ट धरून.

एकदा न राहवून म्हटलं,
घर विकलंत, मुलगा फिरकत नाही,
मग हे लखलखीत कुणासाठी?
तिनं दुसरा कप माझ्याकडे सरकवला.
"आधी पी. निवतेय."

मार्चचं भाडं आलं नाही.
एप्रिलचंही नाही.
नियमाप्रमाणे दोन पत्रं पाठवली,
दोन्ही परत आली, पाकिटं न फुटता.
साठाव्या दिवशी ग्राइंडर घेऊन उभी राहिले.
कुलूप गोल होतं, पोलादी.
पाऊण तास ठिणग्या चिखलात विझत राहिल्या
आणि मी आयुष्यात पहिल्यांदा
स्वतःच्याच सल्ल्याला शिव्या घातल्या.

आत दोन महिन्यांची धूळ होती, बस. त्याखाली जुनी नव्हती.
भिंतीपासून हातभर जागा.
फ्रिजच्या दारात लाकडी डाव अडकवलेला.
खोक्यांवर आत काय आहे ते नव्हतंच लिहिलेलं.
लिहिलं होतं:
"तळ जड आहे. गुडघ्यात वाकून उचला."
"एका कपाचा कान मी चिकटवलाय. गरम ओतू नका."
"तिसरी काळी पट्टी अडते. दुरुस्त करू नका, सवय होते."

पाहुणा कोण, कधी येणार, काही माहीत नसताना
कुणी ओटा पुसून ठेवावा,
तसा तो गाळा.
मी दारातच उभी. पायात चिखलाचे बूट.

लिलावात नोकरांना बोली लावता येत नाही.
काकाबेकाचा एक पोरगा
एकशे चाळीस डॉलरला सगळं घेऊन गेला.
पहिल्या खोक्यापाशी थांबला, ओठ हलवत वाचलं,
आणि खरोखर गुडघ्यात वाकला.

मग मी गाळा झाडला,
झाडण्यासारखं फारसं नसताना.
शटरच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलेलं
ते विजेचं बिल. फळ्या, फ्रिज, उंदीर,
माझं बोलणं शब्दन्‌शब्द.
खाली दुसऱ्या शाईत:
"पितळेला लिंबू आणि मीठ. हे तिला सांगायचं राहतंय."

आता नवीन भाडेकरू आला की
शेवटी तेही सांगते.
बहुतेकांकडे पितळ नसतंच.