खरखरीसकट

पहिली डिस्क प्लेअरने तोंडात धरली, चघळली
आणि परत दिली.
निळ्या पडद्यावर दोन शब्द: डिस्क नाही.
"आहे की! माझ्यासमोर घातलीस,"
मावशी टीव्हीला म्हणाली.

मोबाइलवर दाखवलं असतं,
पण मावशीचं बोट काचेला कळत नाही.
तिला येतो तो रिमोट, रबरबँड लावलेला,
प्लेचा त्रिकोण पुसून गेलेला.
कोऱ्या डिस्का लॅमिंग्टन रोडला तिसऱ्या दुकानात मिळाल्या.
"दहाच्या खाली देत नाही," दुकानदार म्हणाला,
"आणि परत आणायच्या नाहीत."

नाटक एक्क्याण्णव सालचं, वडाळा डेपोच्या हौशी मंडळींचं.
लग्नांचं शूटिंग करणाऱ्या कुणी एकाने
पहिल्या रांगेत बसून घेतलेलं.
कॅसेटची फाइल झाली, ती माझ्याकडे आली,
एक तास बावन्न मिनिटं.
त्यात तळवडेकर काका आहेत, म्हणून मावशीला हवं.
मी शोधले. दिसले नाहीत.
म्हटलं, मिशी लावलेला हवालदार असतील.

फाइल नुसती ओतून भागत नाही,
हे मला रात्री एक वाजता कळलं.
आधी ती डीव्हीडीच्या भाषेत आणायची, मग बर्न,
मग फायनलाइझ, म्हणजे पोत्याचं तोंड शिवणं.
ते राहिलं होतं.
दुसरी चालली, पण काळीपांढरी,
आणि माणसं खालून वर सरकत निघालेली.
एनटीएससी केली होती. "आपल्याकडे पाल लागते, मावशी."
मावशीने दचकून भिंतीकडे पाहिलं.
तिसरीत सगळे बुटके आणि रुंद,
जुनी चौकोनी चौकट मी नव्या टीव्हीभर ताणलेली.
"शिर्सेकर तेव्हा एवढा जाडा नव्हता," मावशी म्हणाली,
"नंतर झाला."

चौथीत चित्र सरळ आलं आणि आवाज बिघडला.
शिर्सेकरचे ओठ हलायच्या आधीच
कुठून तरी पुसट: माई, दिवा कुणी मालवला?
मग ओठ हलतात, आणि तेच वाक्य, मोठ्याने.
वाटलं, दोन ट्रॅक एकमेकांवर चढलेत.
अर्धा सेकंद मागे ओढला,
तर दुसऱ्या अंकात दोन सेकंदांचा फरक,
तिसऱ्यात कधी आहे, कधी नाहीच.
तीन रात्री मी त्या फरकाच्या मागे.
शेवटी कंटाळून खरखर काढायचं फिल्टर लावलं,
पूर्ण जोरात.
पुसट ते सगळं गेलं.

पाचवी स्वच्छ. मावशीने पंखा बंद करून बघितली,
पडदा पडेपर्यंत बोलली नाही.
"छान झालीय. पण हे कुठे गेले?"
"कुठल्या प्रवेशात होते काका?"
"सगळ्याच. विंगेत, स्टुलावर, वही घेऊन.
प्रॉम्प्टर होते ना."

कन्नमवार नगर ते घर, मी काही बोललो नाही,
तशी बोलायला सोबत कुणी नव्हतंही.
रात्री फिल्टर काढलं, हेडफोन लावले.
पान उलटल्याचा आवाज. खोकला, रुमालात दाबलेला.
दुसऱ्या अंकात शिर्सेकर अडकतो:
काका एकदा सांगतात, दोनदा सांगतात,
तिसऱ्यांदा इतक्या जोरात की सगळा हॉल हसतो,
आणि हे मी गोंगाट म्हणून साफ केलं होतं.

सहावी अगदी कमी स्पीडवर बर्न केली.
वर मार्करने लिहिलं: फायनल, खरखरीसकट.

मावशी टीव्हीच्या अगदी जवळ बसली.
"आता खोकतील," म्हणाली. खोकले.
मग तिचे ओठ हलायला लागले,
माई, दिवा कुणी मालवला,
काकांच्या आधी, पाव सेकंद तरी.
तालीम बहुतेक याच खोलीत झाली असणार.

मी आवाज वाढवला.
चार डिस्का उरल्यात. दुकानदार परत घेणार नाही.