जाळं, जाळ

ओव्हीदच्या बोटीवर या मोसमात जाळं नाही.
लुइझियानाच्या दलदलीतल्या धक्क्यावर
ते गुंडाळून पडलंय, मांजर झोपतं त्यात.
लिहिताना एक टिंब गळलं
की उरतो तो जाळ.

त्याच्या जागी आता न जळणारा पट्टा,
दीडशे मीटर, पाण्यावर तरंगता,
एक टोक त्याच्याकडे, दुसरं थोआच्या बोटीला.
वीस वर्षं दोघं भांडले, कोळंबी कुणाच्या खाडीतली.
आज एका वेगानं चालतात:
अर्धा नॉट, फार तर पाऊण,
नाहीतर तेल खालून निसटतं.

वरून विमान सांगतं, डावीकडे घ्या.
इंद्रधनुष्य नको, चंदेरी तवंग नको,
तो दाट, गंजासारखा रंग हवा.
पातळ पेटत नाही.
लाटांनी घुसळलेलंही नाही.
म्हणजे घाई आहे.

तरी सगळे थांबतात.
दुर्बिणीवाली सेलेस्त हात वर करून उभी.
शेवाळात काहीतरी हललं.
ताटलीएवढं कासव, डोळे तेलानं मिटलेले.
बोटावर मेयॉनेज घेऊन
ती त्याचं तोंड आतून पुसते.
आणखी असतील का,
हे कुणी विचारत नाही.

मग प्लॅस्टिकची बरणी,
जेलीसारखं घट्ट डिझेल, टेपनं बांधलेला फ्लेअर.
ओव्हीद फेकत नाही, वाकून सोडतो.
आधी काहीच नाही.
मग एक पिवळी रेघ. मग आवाज.

वडवानल म्हणावं, तर तो समुद्राच्या पोटात असतो.
हा पाठीवर,
आणि माणसांनी हेरून, गोळा करून आणलेला.

रेडिओवर थोआ: ‘जास्त ओढतोयस.’
‘तू कमी ओढतेयस.’
वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं.

पन्नास मिनिटं.
सेलेस्तच्या वहीत बॅरलचा अंदाज.
कंपनी रोजचे देते ते कोळंबीहून जास्त,
हे ओव्हीदनं बायकोला सांगितलेलं नाही.

विझल्यावर डांबराची साय उरली.
थोडी खरवडून घेतली, थोडी बुडाली,
तळाशी, जिथला चिखल तो
जाळ्याच्या ताणावरून ओळखायचा.
पट्टा वर घेताना हात सवयीनं
वजनाची वाट बघत राहिले.

रात्री धक्क्यावर मांजर आलं,
त्याची बोटं हुंगली,
आणि परत जाळ्यात जाऊन बसलं.