चहा-नाश्ता या शीर्षाखाली

अंदाजपत्रकात मी एक ओळ घातली होती:
ऐकणाऱ्यांचं ऐकायला, महिन्यातून दोनदा, एक जाणकार बाई.
गांधीनगरहून कागद परत आला.
त्या ओळीवर लाल रेघ, शेजारी बारीक अक्षरात:
हा खर्च कशातच बसत नाही.

चहा-नाश्ता मात्र बसतो.
माणशी पंचवीस रुपये, पावती जोडावी.

म्हणून रावपुऱ्यात, टपाल कचेरीच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
एक गुरुवार सोडून एक, दुपारी तीनला
एकीला फोनपाशी बसवून
बाकीच्या सात जणी सतरंजीवर बसतात
आणि सरकारी खर्चाने सेव-उसळ खातात.
मी वाढते. तरी हवी का विचारते.

नियम एकच. आलेल्या बाईची गोष्ट इथे सांगायची नाही,
ती रजिस्टरात आहे, गुजरातीत, तारीखवार.
इथे सांगायचं ते आपलं,
ती गोष्ट कानात घेऊन घरी गेल्यावरचं.

नफीसा म्हणाली, कुकरची शिटी झाली की मी आधी दाराकडे बघते.
उर्मीने नवऱ्याचा हात झटकला,
तो तिच्या केसांत अडकलेला दोरा काढत होता फक्त.
शकरीबेन सगळ्यांत जुनी. म्हणाली, मला काही होत नाही,
आणि पाव कुस्करत राहिली
बशीत चुऱ्याची टेकडी होईपर्यंत.

मी ऐकते हिंदीत, लिहिते गुजरातीत,
राग मात्र मराठीत येतो,
आईच्या, शियाबागेतल्या,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या मराठीत.
तो इथे कुणाला कळायचा नाही.
इथे मी सुलूबेन. सुलूबेन कधी चिडत नाहीत.

पावसाळ्यात विश्वामित्रीतली मगर कुणाच्या अंगणात आली
की एका फोनवर पोरं धावत येतात,
दोर, काठ्या, पिंजरा, वर गर्दीला शिस्त.
जिग्नाशा म्हणायची,
बेन, बायकांना सांगून ठेवूया,
फोन करताना नवरा म्हणू नका, मगर म्हणा.
किती हसायचो आम्ही.
ते हसणंही मी चहा-नाश्त्यातच धरलंय.

मकरपुऱ्याची एक बाई होती.
जिग्नाशा तिला अकरा वेळा भेटली.
बाराव्या खेपेला ती आपल्या पायांनी घरी परत गेली,
मुलीची परीक्षा तोंडावर होती म्हणून.
पुढे जे झालं ते रजिस्टरात आहे.

तेव्हापासून जिग्नाशा वेळेच्या आधी येते,
दुसऱ्या घंटेला फोन उचलते,
अक्षर तर इतकं सुबक, की साहेबांनी नमुना म्हणून फिरवलं.
मला त्या अक्षराची भीती वाटते.

काल तिला घेऊन बसले.
म्हटलं, तू दार उघडं ठेवलंस,
आत यायचं की नाही हे तिचं होतं.
प्रशिक्षणातलं वाक्य. सोळा वर्षं वाटतेय मी ते,
रेशनच्या साखरेसारखं, मापात.
ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच,
'सुलूबेन, तमे कोनी साथे बेसो छो?'

मी कुणापाशी बसते.

खाली कुणीतरी रिक्षाचा हॉर्न दाबून धरला होता.
मी म्हटलं, अगं, पावत्या लावायच्या राहिल्यात,
आणि उठले.

रात्री तिमाही अहवाल भरत होते.
कर्मचाऱ्यांची मानसिक स्थिती: समाधानकारक, असमाधानकारक.
एकावरच खूण करा.
पेनाचं टोपण तीनदा काढलं, तीनदा लावलं.
तो रकाना तसाच सोडून
पुढच्या गुरुवारची मागणी लिहायला घेतली.
माणशी पंचवीस. संख्या,
दरवेळी न बघता लिहिते ती, आठ.

खोडली. नऊ केली.

विचारतीलच, ही नववी कोण म्हणून.
शेरा लिहायला जागा आहे तिथे, बोटभर.
अजून काही लिहिलं नाही.