परत केलेल्या वस्तू

डिचोलीच्या कोर्टात, जेवणाच्या सुट्टीआधी
परेराबाईंनी अर्ज दिला. दीड पानी.
प्रतिवादीचे वकील, म्हणजे मी,
यांनी अकरा वर्षांपूर्वी वादीचंच काम पाहिलं होतं,
त्याच घराचं,
सबब त्यांना या दाव्यात उभं राहू देऊ नये.

मी थोडा हसलो. म्हणालो, मॅडम,
ते काम विहिरीच्या वाटेचं होतं,
हे मुंडकारपणाचं.
फाइल तर मी तेव्हाच परत दिली,
पावतीवर अंगठा आहे तिचा.
एक-चौदाचा उतारा, घरपट्टीच्या सात पावत्या,
नवऱ्याचं खाणीवरचं ओळखपत्र,
सगळं मोजून.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.
"आणि जे ऐकलंत, ते?"

सत्यवती मागच्या बाकावर होती.
(हे नाव तिचं नव्हे.)
माझ्याकडे पाहिलं नाही तिने,
पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली,
सोडवत राहिली.

ह्याच बोटांनी तेव्हा
माझ्या टेबलावर फीऐवजी
सोलांचं पुडकं ठेवलं होतं.
वीज गेलेली. कारकून जेवायला गेलेला.
मी पेनाला टोपण लावलं, तशी म्हणाली,
"वकीलबाब, आणखी एक आहे.
पण तें बरोवं नाकात."
नाही लिहिलं.
लिहिलं असतं तर परत देता आलं असतं.

शपथेवर सांगतो, वापरणार नव्हतो मी ते.
पण दुभाषी भाटकारांच्या ओटीवर
त्यांच्या मुलाने कागद पसरले
आणि विचारलं, सुरुवात कुठून करायची, वकीलसाहेब?
तेव्हा माझं बोट
न विचारता एका जागी गेलं.
मी ते उचललं.
त्याने पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

आदेश चार ओळींचा.
वकालतनामा मागे घेतला,
भाटकारांची आगाऊ फी चेकने परत केली,
परेराबाईंनी पायऱ्यांवर नमस्कार केला
तोही परत केला.

रात्री बायकोने विचारलं,
एवढं काय होतं त्यात?
म्हटलं, कढी चांगली झालीय आज,
सोलां कुठली?

तुम्हीही विचाराल.
म्हणून गाव सांगितलं नाही,
आणि ती विहीरही, खरं तर,
विहीर नव्हती.